माझ्या नावाने पळणारा माणूस

माझे कॅनव्हासचे बूट रोज सकाळी माझ्याशिवाय पळायला जायचे, आणि मी ओट्यावर पाय उंच करून त्यांची वाट बघत बसायचो. असा प्रसंग आणखी कुणाच्या वाट्याला आला असेल, तर त्याने मला जरूर भेटावं. आम्ही दोघं मिळून जळू. मत्सर हा शब्द मला फार भारदस्त वाटतो. मला जे झालं होतं त्याला आपल्याकडे पोटात दुखणं म्हणतात, आणि त्या हिवाळ्यात ते मला दिवस उजाडताना न चुकता दुखायचं.

बुटांत पाय असायचे ते आमच्या घरमालकांचे. कर्जतला स्टेशनाच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर होतं. पुढच्या भागात ते आणि त्यांची बायको राहायची, मागची खोली त्यांनी मला भाड्याने दिली होती. मी तिथल्या शाळेत इंग्रजी आणि भूगोल शिकवायचो. लढाई संपली होती, पण साखर, रॉकेल आणि धोतरं अजून रेशनवरच होती. घरमालकांची गावाबाहेर थोडी भातशेती होती, ती त्यांनी वाट्याने दिलेली. वय चाळिशीच्या पुढे, अंगाने काटकुळे, डावा खांदा जरासा उचललेला, कुणी हाक मारली की लगेच निघता यावं म्हणून असावा तसा. सगळं गाव त्यांना काका म्हणायचं, म्हणून मीही म्हणायचो.

काकांचा उद्योग असा की ते दुसऱ्यांचे नेम पाळायचे. घरात सुतक आलं की देवाची पूजा शेजाऱ्याकडून करवून घेतात, हे आपल्याकडे सगळीकडेच चालतं. काकांनी तेवढाच एक रिवाज उचलला आणि सगळ्या जगण्याला लावून टाकला. कुणाची संकष्टी आजारपणात अडली, की काका चंद्र उगवेपर्यंत उपाशी. कुणी डोंगरावरच्या देवीला अनवाणी जायचं बोललेला असायचा आणि त्याचे गुडघे धरलेले असायचे, की काका अनवाणी. त्यासाठी एकच अट होती. ज्याचा नेम त्याने काकांच्या तळहातावर चमचाभर पाणी सोडायचं आणि "माझ्या नावाने" असं तोंडाने म्हणायचं. मग काका म्हणायचे, "पाय माजं, पुन्य तुमचं," आणि निघायचे. प्रसादाचा नारळ मिळाला तरी तो न फोडता मालकाच्या दारात नेऊन ठेवायचे. तो कधी आपण खाल्ला तर घशात अडकेल, अशी त्यांची खात्री होती.

एकदा गल्लीतल्या शिंप्याला खालापूरला सासऱ्याच्या मयतीला जायचं होतं आणि नेमका त्याला ताप भरला. काका गेले. तिथे त्यांनी शिंप्याच्या नावाने असा गळा काढला, की सासरच्या बायका स्वतःचं रडणं थांबवून त्यांना पाणी द्यायला धावल्या. पुढे कितीतरी दिवस त्या घरात शिंप्याला, जावईबापू मनाने फार हळवे, म्हणून मान मिळत होता. शिंपी मला म्हणाला, "मास्तर, मी गेलो असतो तर येवडं जमलं नसतं बगा." तो हसत होता. मीही हसलो. तेव्हा हसणं सोपं होतं, सासरा माझा नव्हता.

मला हिवताप आला तेव्हा तर काका माझ्या वर्गावर जाऊन बसले. मुलांनी विचारलं, आज काय शिकवणार? काका म्हणाले, "शिकवनारे मास्तर येतील तवा शिकवतील. मी फकस्त बसाया आलोय. खुर्ची मोकळी र्‍हाऊ नये." आणि पूर्ण तास हात मांडीवर ठेवून बसून राहिले. मुलं म्हणे इतकी गप्प माझ्या तासाला कधीच नव्हती. हे मला हेडमास्तरांनी मुद्दाम बोलावून सांगितलं.

आता माझ्या पळण्याबद्दल सांगायला हवं, नाहीतर मी नुसताच कुजका माणूस वाटेन. आमच्या घरी माझे थोरले भाऊ प्रत्येक गोष्टीत पुढे होते. अभ्यास, गाणं, बुद्धिबळ, सासरची मंडळी, सगळ्यात. माझ्या वाट्याला आलं ते त्यांनी वापरून सोडलेलं. पळणं तेवढं आमच्या घरात कुणी करत नव्हतं, म्हणून ते माझं. रोज सकाळी मी रुळांच्या कडेच्या रस्त्याने पळसदरीला रेल्वेच्या तलावापर्यंत पळत जायचो आणि परत यायचो. कर्जतला मला पळणारे मास्तर म्हणायला लागले होते, आणि त्या नावाने कुणी हाक मारली की मला आतून गुदगुल्या व्हायच्या. मुंबईच्या एका जिमखान्याने सव्वीस मैलांची मॅरेथॉन शर्यत ठरवल्याची बातमी वर्तमानपत्रात आली, तेव्हा मी त्याच दिवशी नाव पाठवून दिलं. शर्यत शिमग्याच्या आधी होती. सव्वीस मैल पळणारा मास्तर! थोरल्या भावांना तसं पत्रसुद्धा टाकलं.

दसऱ्यानंतर माथेरानची छोटी गाडी पुन्हा सुरू झाली आणि आम्ही शाळेची सहल वर नेली. परत येताना मुलांसमोर मला फुशारकी सुचली. म्हटलं, तुम्ही गाडीने या, मी पळत तुमच्या आधी नेरळला पोचतो. गाडी वळणं घेत उतरते, माणूस सरळ उतरू शकतो, हिशेब बरोबर होता. जुम्मापट्टीच्या खाली एका सुट्या दगडावर पाय पडला आणि घोट्याचा आवाज मला स्वतःला ऐकू आला. मी तसाच रुळांच्या कडेला बसलो. थोड्या वेळाने गाडी शेजारून गेली. मी गंमत करतोय असं समजून सगळी मुलं खिडक्यांतून रुमाल हलवत होती.

नेरळच्या डॉक्टरांनी पाय दाबून पाहिला, हाड शाबूत आहे म्हणाले, पण शिरा फार ताणल्या आहेत, संक्रांतीपर्यंत पळायचं नाव काढू नका. मला घरी आणल्यावर काकांनी पायाकडे पाहिलं न पाहिलं केलं.

"आनि नेम?" ते म्हणाले.

"कसला नेम?"

"सकाळचा. पळसदरीला जायाचा."

"तो आता बंद, काका."

"बंद?" ते इतके दचकले की काकूंच्या हातातली हळदीची वाटी हिंदकळली. "घरात कुनी आजारी पडला म्हनून देव बिनपुजेचं ठेवता व्हय तुमी? पानी सोडा. मी जातो."

मी हसून तांब्या उचलला आणि त्यांच्या हातावर पाणी सोडलं. म्हटलं, माझ्या नावाने. मला वाटलं, दोन दिवसांत दमतील. काकांनी लगेच बूट मागितले. नेम ज्याचा, बूट त्याचेच हवेत. त्यांचे पाय माझ्यापेक्षा लहान, म्हणून त्यांनी पुढे चिंध्या कोंबल्या. धोतर मांड्यांपर्यंत खोचलं, डोक्याला टोपी तशीच. काकू दारातून म्हणाल्या, "अवं, वय काय तुमचं? कुटंतरी पडाल. मंग तुमच्या बदली कोन जाईल?" सगळी गल्ली हसली. काका निघाले.

त्या दिवशी ते इतक्या उशिरा परतले की मी शाळेला जायच्या तयारीत होतो. धापा टाकत माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "आज तुमी लय थांबत थांबत गेलात मास्तर. पन पोचलात."

पुढे रोज हेच. कधी "आज तुमी मधी एका जागी च्या घेतलात," कधी "आज तुमाला कुत्रं लागलं होतं मागं, पन तुमी काय थांबला नाय." मी ओट्यावर, घोट्याला आंबेहळदीचा लेप, आणि हा माणूस मला माझ्याच पळण्याच्या बातम्या सांगतोय. सुरुवातीला मौज वाटली. मग दिवाळीच्या सुमाराला एके सकाळी काकूंनी निरगुडीच्या पाल्याने शेकायला घेतलं आणि तो पाला निवायच्या आत काका परत दारात उभे. दम लागलेला नव्हता. म्हणाले, "आज तुमी खोपोलीच्या गाडीसंगट पळसदरीला शिरलात मास्तर!"

मला त्या गाडीच्या बरोबरीने कधीही पळसदरीला शिरता आलं नव्हतं. ती नेहमी माझ्या पुढे निघून जायची. मी म्हटलं, "गाडीला उशीर झाला असेल." काका म्हणाले, "आसंल." त्यांनी वाद घातला असता तर मला बरं वाटलं असतं.

मी माझ्या बाजूने जीव तोडून बरा होत होतो. कोमट पाण्याच्या बादलीत पाय सोडून घोटा फिरवायचा, खांबाला धरून एका पायावर उभं राहायचं, काठी टेकत शाळेपर्यंत जायचं. पोरं माझ्या मागून माझ्यासारखी लंगडत यायची. रोज रात्री मी घोटा दाबून बघायचो आणि तो रोज रात्री दुखायचा. तिकडे काका तलावाच्या पुढे जायला लागले होते. कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. म्हणाले, "सव्वीस मैल म्हंजे काय थोडं हाय का? तुमाला सवय नको?"

अखेर मला राहवेना. एके सकाळी काका निघाल्यावर काठी घेतली आणि खोपोलीच्या गाडीत जाऊन बसलो, खिडकीशी. पळसदरी सोडल्यावर रस्ता जवळ आला आणि ते दिसले. मला वाटलं होतं, धोतर सावरत, धडपडत, कसंतरी पळणारा माणूस दिसेल. तसं काही नव्हतं. पावलं लहान, अंग हलकं, हात सैल सोडलेले आणि चेहरा एखाद्या झोपलेल्या मुलाचा असतो तसा. जमिनीला त्यांचा काही भार होत नव्हता. मी दात आवळून पळायचो, माझ्या मानेच्या शिरा फुगायच्या, माझं पळणं म्हणजे कुणाशी तरी भांडण असायचं. त्यांचं कुणाशीच भांडण नव्हतं. मला तसं कधी पळता आलं नव्हतं आणि येणारही नव्हतं, हे मला त्या खिडकीत बसल्या बसल्या कळलं, आणि माझ्या डोळ्यांत रागाने पाणी आलं.

ड्रायव्हरने त्यांच्यासाठी भोंगा वाजवला. समोर बसलेल्या गृहस्थांनी खिडकीबाहेर हात काढून हाक मारली, "शाब्बास मास्तर!" आणि मला समजावून सांगितलं, "ते कर्जतचे पळनारे मास्तर. मुंबईच्या शर्यतीत पळनार हायत."

मी काठीवर हनुवटी टेकली. सांगणार काय? मास्तर मी आहे? माझ्या पायाकडे बघून त्यांना हसू आलं असतं.

काका घरी परतले आणि म्हणाले, "आज तुमी..." मी त्यांना पुढे बोलूच दिलं नाही. म्हटलं, "मी काहीएक केलेलं नाही! मी लंगडा बसलोय इथं! एवढी हौस आहे तर मुंबईची शर्यतही तुम्हीच पळा!"

कुणीही शहाणा माणूस हे ऐकून चिडला असता किंवा ओशाळला असता. काकांनी मान तिरकी केली, थोडा विचार केला आणि हात पुढे केला, तळवा वर. "खरंच म्हनत असाल तर पानी सोडा."

काकू म्हणाल्या, "मास्तर, रागात काय बी बोलू नका. ह्ये खरं धरत्यात." मला ते पक्कं ठाऊक होतं. तरीही मी तांब्या उचलला आणि अख्खा त्यांच्या हातावर उपडा केला. त्यांचं धोतर भिजलं. "माझ्या नावाने," मी ओरडलो. काका समाधानाने आत गेले.

म्हणजे आता असं झालं की शर्यतीत नाव माझं, बक्षीस आलं तर ते माझं, थोरल्या भावांना कळणार ते माझं, आणि पाय काकांचे. नारळ आणून देतात तसं ते पदकही आणून माझ्या दारात ठेवणार होते. याहून मोठा अपमान मला तेव्हा सुचत नव्हता. आणि परत मागायला माझी जीभ रेटत नव्हती. संक्रांत झाली, घोटा पुष्कळ सुधारला. मी त्यांना न सांगता उलट दिशेने, नेरळच्या रस्त्याने पळायला लागलो, आधी जरासं, मग जास्त. पायात जुन्या वहाणा, कारण बूट पळसदरीकडे गेलेले. काका पाहायचे आणि म्हणायचे, "फिरून आलात? ब्येस. पाय मोकळा होतो."

शर्यतीला आम्ही दोघंही मुंबईला गेलो. मी सोबत म्हणून. मैदानावर चांगली गर्दी होती, अर्ध्या चड्ड्या आणि बनियनमधले तगडे लोक, त्यात धोतर खोचलेले, टोपीतले काका. एक गृहस्थ टेबलामागून नावं पुकारत होते. त्यांनी माझं नाव घेतलं, आडनावासकट, खणखणीत आवाजात.

"हजर," काका म्हणाले.

माझं नाव दुसऱ्याच्या तोंडून हजर झालेलं मी त्या दिवशी ऐकलं. आतापर्यंत पोटात दुखत होतं ते एकदम घशाशी आलं. मी त्यांचा दंड धरला. "काका, माझं मला परत द्या."

"काय?"

"नेम. मी पळतो. पाय बरा आहे माझा."

काका क्षणभरही थांबले नाहीत. तिथेच धुळीत बसले आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागले. "आदी सांगायचं की! मला वाटलं, दुकतोय अजून." चिंध्या उपसून त्यांनी बूट माझ्यापुढे ठेवले. मी त्यांच्या चेहऱ्यावर नाराजी शोधली. थोडी जरी सापडली असती तरी मी आनंदाने पळालो असतो.

शर्यतीचं काय सांगू? बुटांना त्यांच्या पायांचं वळण पडलं होतं आणि पहिल्या मैलापासून ते मला चावत होते. मी दात आवळून पळालो, नेहमीसारखा. पुढचे लोक दिसेनासे झाले, मागचे काही जण पुढे गेले. शेवटी घोटा ठणकत होता, पण मी पुरी केली, चालत नाही, पळतच. बराच मागे आलो. शेवटच्या दोरीशी काका अनवाणी उभे होते. त्यांनी विचारलं, "पुरी झाली न्हवं?" मी हो म्हटलं. "मंग बास," ते म्हणाले आणि टोपीने मला वारा घालायला लागले. काका पळाले असते तर कितवे आले असते, हे त्या गर्दीत फक्त मला एकट्याला माहीत होतं.

कर्जतला सगळ्यांनी माझं कौतुक केलं. गल्लीत पेढे वाटले. थोरल्या भावांचं पत्र आलं, पहिल्यांदाच लांबलचक. पळणारे मास्तर हे नाव पुन्हा माझ्या एकट्याचं झालं.

पाय दुखत होते म्हणून मी काही दिवस उशिरापर्यंत अंथरुणात होतो. एकदा पहाटे पाणी प्यायला उठलो तर ओट्यावर काका बसलेले. धोतर खोचलेलं, पाय अनवाणी, हात मांडीवर. दुसऱ्या दिवशीही तसेच. तिसऱ्या दिवशी काकू आतून म्हणाल्या, "रोज असंच. अंधारात उठत्यात आनि बसून र्‍हात्यात. जेवन बी धड नाय."

मी त्यांच्या शेजारी जाऊन बसलो. पळसदरीच्या बाजूने गाडी येत असल्याचा आवाज येत होता. काकांनी मान तिकडे वळवली.

"जा की पळायला," मी म्हटलं.

"कुनाच्या नावानं?"

"तुमच्या."

ते हसले. मग मी गंमत करत नाही हे पाहून उठले. गल्लीच्या टोकापर्यंत पळाले, अगदी तसेच, हलके. तिथे थांबले आणि चालत परत आले. घाम नव्हता, पण चेहरा पडलेला.

"नाय जमत. कुनी इचारलं कशापायी पळता, तर सांगू काय?"

"सांगा, मला आवडतं म्हणून."

"आवडतं म्हनून?" ते खरोखर लाजले. एवढ्या वयाच्या माणसाला इतकं लाजलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. "या वयात? लोक काय म्हनतील?" ते पुन्हा खाली बसले.

मला काय वाटलं ते सांगतो. आधी बरं वाटलं. चला, याला हे जमत नाही, माझं मला राहिलं. पळणारा मास्तर या गावात एकच. मग त्यांनी पावलं एकमेकांवर घासली, गाडी आली त्या बाजूला पुन्हा पाहिलं, आणि मला ती खिडकी आठवली, ते सैल सोडलेले हात आठवले. या माणसाने उद्यापासून पळायचं थांबवलं तर तसं पळणं या भागात पुन्हा कुणाला दिसणार नव्हतं. आणि ते दिसू लागलं तर मी पुन्हा ओट्यावर. दोन्ही मला स्पष्ट दिसत होतं.

मी घोट्याला हात लावला आणि कण्हलो.

"काय झालं?" काका लगेच वाकले.

"शर्यतीने पुन्हा धरलाय. डॉक्टर म्हणतात, आता काही महिने पळू नका." मी कुठल्याही डॉक्टरकडे गेलो नव्हतो. "काका, माझा सकाळचा नेम अडलाय. तुम्ही जाल का?"

डावा खांदा टुणकन वर आला. ते पाण्यासाठीसुद्धा थांबले नाहीत. "बूट र्‍हाऊ दे, आज असाच जातो," असं म्हणत ते गल्लीतून बाहेर पडले, आणि स्टेशनाच्या वळणावर कुणीतरी त्यांना "रामराम मास्तर!" म्हणून हाक घातलेली मला इथवर ऐकू आली. मी ओट्यावर बसून राहिलो. माझे दोन्ही पाय ठणठणीत होते, आणि काका दिसेनासे झाले तरी मी जळत होतो.